मुक्त व्यापार करार आणि गोव्याची बागायती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, सत्तरी, डिचोली, सांगे, काणकोण या भागांत काजू-सुपारीवर घर चालवणारी कुटुंबं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना एक बाजू उघडपणे घेतली आहे. घरच्या माणसांच्या कष्टावर शेती-बागायती करणाऱ्यांची ती बाजू आहे. करार चांगले की वाईट, असं एका वाक्यात सांगता येत नाही. कुळागराचं, म्हणजे सुपारी-नारळ-मिरीच्या मिश्र बागेचं, नशीब ठरतं ते करारामागे जोडलेल्या शुल्काच्या याद्यांमध्ये आणि बंदरावरच्या तपासणीत. त्या दोन्हींकडे आपलं लक्ष नसतं, आणि ते असायला हवं, एवढंच आमचं म्हणणं आहे.

मुक्त व्यापार करार म्हणजे नेमकं काय?

दोन किंवा अधिक देश एकमेकांच्या मालावरचं आयात शुल्क कमी करतात किंवा काढून टाकतात, त्याला मुक्त व्यापार करार म्हणतात. जागतिक व्यापार संघटनेचा (स्थापना १ जानेवारी १९९५) साधा नियम असा, की सगळ्या सदस्य देशांच्या मालावर सारखंच शुल्क लावायचं. ठरावीक देशांना जास्त सवलत द्यायची असेल, तर असा करार करण्याची मुभा त्याच नियमांत आहे.

आपल्याकडे एप्रिल २००१ पर्यंत बऱ्याच शेतमालाच्या आयातीवर संख्येची बंधनं होती. अमुक टनांपलीकडे माल आणायचाच नाही, किंवा परवान्याशिवाय आणायचा नाही, अशी ती बंधनं. १ एप्रिल २००१ ला त्यातली उरलेली बहुतेक उठली. त्यानंतर बागायतदाराचं संरक्षण मुख्यतः आयात शुल्कावर अवलंबून राहिलं, आणि करारांत कमी होतं ते हेच शुल्क.

गोव्याच्या पिकांशी संबंध असलेले करार कोणते?

सर्वांत आधी श्रीलंकेशी झालेला करार. त्यावर डिसेंबर १९९८ मध्ये सह्या झाल्या आणि तो मार्च २००० पासून लागू झाला. मग दक्षिण आशियाई देशांचा साफ्टा, २००६ पासून. तिसरा आणि आपल्यासाठी सर्वांत मोठा आसियान, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी झालेला करार. १३ ऑगस्ट २००९ ला बँकॉकमध्ये त्यावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी २०१० पासून तो अमलात आला. व्हिएतनाम, इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड हे देश त्यात आहेत. मिरी, सुपारी, नारळ, पाम तेल या मालात आपले स्पर्धक तेच. कोची-कोडगूची माती आणि पाऊस गोव्याला जेवढा जवळचा, तेवढाच व्हिएतनाम-इंडोनेशियाचाही, त्यामुळे पिकं तीच येतात.

अलीकडच्या करारांत संयुक्त अरब अमिराती (मे २०२२ पासून), ऑस्ट्रेलिया (डिसेंबर २०२२ पासून), स्वित्झर्लंड-नॉर्वे-आइसलँड-लिश्टेनश्टाइन या चार देशांचा एफ्टा गट (ऑक्टोबर २०२५ पासून) आणि ब्रिटन (सह्या २४ जुलै २०२५) हे आहेत. या देशांत सुपारी-मिरीच्या बागा नाहीत, म्हणून कुळागराला त्यांची झळ थेट लागत नाही. वर्तमानपत्रांत मथळे मात्र यांचेच मोठे येतात आणि आसियानचा फेरआढावा आतल्या पानावर जातो. २०२३ पासून त्या आढाव्याची बोलणी चालू आहेत. बागायतदारांनी लक्ष ठेवायचं ते या बोलण्यांवर.

मिरीचा भाव खरंच करारांमुळे पडला का?

बऱ्याच अंशी हो. पण ज्या वाटेने पडला ती वाट समजून घ्यायला हवी.

मिरीवर भारताचं सर्वसाधारण आयात शुल्क ७० टक्के. आसियान करारात मिरीला चहा, कॉफी, पाम तेलाबरोबर ‘विशेष उत्पादन’ ठरवलं गेलं. म्हणजे शुल्क एकदम न काढता २०१९ च्या अखेरीपर्यंत हळूहळू ५० टक्क्यांवर आणायचं. ५० टक्के हे काही कमी संरक्षण नाही. व्हिएतनाम जगातला सर्वांत मोठा मिरी उत्पादक असला, तरी एवढं शुल्क भरून आलेली मिरी आपल्या मिरीला सहज मागे टाकू शकत नाही.

श्रीलंकेचा करार वेगळा आहे. त्यात वर्षाला २५०० टन मिरी शून्य शुल्काने येते आणि त्यापुढच्या मालावर साफ्टानुसार ८ टक्के. आता शेजारी शेजारी दोन आकडे ठेवून बघा: व्हिएतनामहून थेट आली तर ५० टक्के, श्रीलंकेची म्हणून आली तर शून्य किंवा ८. एवढा फरक असला की एका देशाचा माल दुसऱ्या देशाच्या कागदांवर येणारच. व्हिएतनामची मिरी श्रीलंकेमार्गे येते, ही तक्रार केरळ-कर्नाटकातल्या उत्पादक संघटनांनी वर्षानुवर्षं केली. २०१५-१६ च्या सुमारास किलोला सातशेच्या घरात असलेला भाव २०१८-१९ पर्यंत साडेतीनशेच्या आसपास आला. व्हिएतनाममधलं प्रचंड वाढलेलं उत्पादन हेही त्याचं मोठं कारण, ते नाकारून चालणार नाही. पण जागतिक मंदीची झळ अडवायला जे शुल्क होतं, त्याला बगल देणारी वाट कराराने करून दिली होती.

६ डिसेंबर २०१७ ला केंद्राने मिरीला किलोमागे ५०० रुपये किमान आयात किंमत लावली. पुढे मार्च २०१८ मध्ये त्याखालच्या किमतीची आयात प्रतिबंधितच केली. उपाय योग्य होता. पण तो येईपर्यंत भावाची घसरण सुरू होऊन बराच काळ गेला होता.

कुळागरात याचा अर्थ काय होतो तो बघा. मिरवेल पोफळीवर चढलेली. शिडी लावून घोस काढायचे, मळायचे, अंगणात चटईवर ऊन द्यायचं, संध्याकाळी गोळा करून आत घ्यायचं, दव लागू द्यायचं नाही. तीन किलो हिरव्या मिरीतून सुकी मिरी उरते जेमतेम एक किलो. शिडीवर चढणारा माणूस रोजावर मिळाला तर नशीब, आणि त्याचा रोज मिरीचा भाव पडला म्हणून कमी होत नाही. मग घरचा माणूस चढतो. नाहीतर घोस वेलीवरच राहतात. भाव पडलेल्या वर्षांत वेलींना पालापाचोळा आणि खत घालायचं राहून गेलं. पायकुजीने गेलेल्या वेली पुन्हा लावल्या गेल्या नाहीत. भाव नंतर वर आला तेव्हा विकायला वेलच शिल्लक नव्हती, असं कितीतरी घरांत झालं. व्यापाऱ्याचं नुकसान एका हंगामाचं असतं. मिरीची वेल धरायला तीन-चार वर्षं लागतात, म्हणून बागायतदाराचं नुकसान तेवढं लांबतं.

काजूचं काय? आफ्रिकेची बी येते म्हणून आमच्या बियेला भाव नाही, असं म्हणतात.

इथे थोडं नीट उलगडून सांगावं लागेल, कारण कराराला नसलेला दोष लावला तर खरा दोष सुटून जातो.

काजूच्या कच्च्या बियेची आयात मुख्यतः आयव्हरी कोस्ट, टांझानिया, बेनिन, घाना, गिनी-बिसाऊ अशा देशांतून होते. तिच्यावर सर्वसाधारण शुल्कच फार कमी आहे: २०१८ च्या अर्थसंकल्पात ते ५ टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आणलं. हा निर्णय कुठल्या कराराने लादलेला नाही, केंद्राने आपणहून घेतला आहे. कारणही उघड आहे. देशातल्या कारखान्यांना लागते त्याच्या निम्म्याहून कमी बी देशात पिकते आणि कारखान्यांत हजारो बायका कामाला आहेत. कारखाना चालायला हवा हे आम्हालाही मान्य आहे. पण अडीच टक्के म्हणजे संरक्षण जवळजवळ नाहीच, आणि गोव्याच्या बियेचा भाव आफ्रिकेच्या हंगामाला बांधला जातो. तिथला हंगाम आणि आपला हंगाम काही महिने एकमेकांवर येतात, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये तो दाब जास्त जाणवतो.

फोडलेल्या काजूगराची गोष्ट वेगळी. तिथे हिशेब सरळ मांडता येतो. एक किलो गर मिळायला चार ते पाच किलो बी लागते. साडेचार किलो धरू. बियेला किलोमागे १५० रुपये द्यायचे, तर एका किलो गरामागे बियेचेच ६७५ रुपये झाले. भाजणं, फोडणं, साल काढणं, प्रतवारी, पाकीट हे सगळं त्यावर. आता बाहेरचा गर ५०० रुपये किलोने गोव्याच्या बाजारात आला, तर त्याच्याशी टिकण्यासाठी कारखानदाराने मजुरीला एक रुपयाही खर्च केला नाही तरी तो बियेला १११ रुपयांपलीकडे देऊ शकत नाही. म्हणजे पाकिटातल्या गराची आयात थेट आपल्या पोत्याच्या भावावर येते. हे ओळखूनच जून २०१९ मध्ये केंद्राने अख्ख्या गराला किलोमागे ७२० आणि तुकड्याला ६८० रुपये किमान आयात किंमत लावली. त्याच वर्षी जुलैच्या अर्थसंकल्पात गरावरचं शुल्क ४५ वरून ७० टक्के केलं.

मग पळवाटा निघतात: गर भाजला, मीठ लावलं, तयार खाऊ म्हणून दाखवला, की तो सीमाशुल्काच्या यादीत वेगळ्या सांकेतिक क्रमांकाखाली जातो, आणि शुल्क ठरतं ते या क्रमांकावरून. बागायतदाराने ओरड करायची ती अशा ठिकाणी.

गोवा काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बाहेरचा गर ‘गोवा काजू’ म्हणून पर्यटकांना विकणं त्यामुळे कायद्याने रोखता येतं. कळंगुट-पणजीच्या दुकानांत या कायद्याची अंमलबजावणी झाली, तर तिचा उपयोग कित्येक करारांतल्या कलमांपेक्षा जास्त होईल, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सुपारीला तर १०० टक्के शुल्क आहे. मग तिला कसली भीती?

शुल्क १०० टक्के आहे. किमान आयात किंमतही फेब्रुवारी २०२३ मध्ये किलोला २५१ वरून ३५१ रुपये केली गेली. कागदावर सुपारीइतकं राखलेलं पीक दुसरं क्वचितच असेल.

त्याच अधिसूचनेत अपवादही आहेत. निर्यातीसाठीच काम करणारे कारखाने, विशेष आर्थिक क्षेत्रातले कारखाने आणि निर्यातीच्या बोलीवर शुल्कमुक्त आयातीची परवानगी घेतलेले आयातदार यांना ती किमान किंमत लागू नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये भूतानहून वर्षाला १७,००० टन ओली सुपारी किमान किंमतीच्या अटीशिवाय आणायला परवानगी दिली गेली. शिवाय भाजलेली सुपारी वेगळ्या क्रमांकाखाली दाखवून कमी शुल्कात आणण्याचा प्रकार झाला, म्हणून एप्रिल २०२५ मध्ये भाजलेल्या सुपारीलाही किमान किंमतीची अट लावावी लागली. म्यानमारच्या सीमेवरून होणारी तस्करी हा कराराचा विषयच नाही, पण बाजारात तिचा परिणाम तोच.

गोव्याची सुपारी देशाच्या उत्पादनात अगदी थोडी. आपला भाव कर्नाटकाच्या बाजाराच्या मागे चालतो. मंगळूरची कॅम्पको ही सुपारी उत्पादकांची सहकारी संस्था १९७३ पासून उभी आहे आणि दिल्लीत जाऊन किमान किंमतीसाठी भांडते. त्यांनी मिळवलेल्या संरक्षणाचा लाभ गोव्याच्या प्रत्येक पोफळीला होतो. गोवा बागायतदार संस्थेसारख्या आपल्या सहकारी संस्थांनी त्यांच्याबरोबर एकत्र निवेदनं दिली, तर आवाज वाढेल.

नारळाला आता चांगला भाव आहे. तरी काळजी करायची का?

पाम तेलाकडे बघत राहा. आसियान करारात कच्च्या पाम तेलावरच्या शुल्काची कमाल मर्यादा ३७.५ टक्के आणि शुद्ध केलेल्यावर ४५ टक्के अशी ठरली. प्रत्यक्षात केंद्राने महागाईच्या काळात कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क शून्यावर आणलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्के केलं आणि मे २०२५ अखेर पुन्हा १० टक्के. म्हणजे कराराने दिलेली जागाही सरकारने पूर्ण वापरली नाही. शहरातल्या गृहिणीला स्वस्त तेल द्यायचं आणि खोबऱ्याला भावही द्यायचा, या दोन्हींत दर वेळी पहिल्याचा विजय होतो.

गोव्यात नारळ मुख्यतः जेवणात जातो, तेलात कमी, म्हणून आपल्याला केरळइतका फटका बसत नाही. आपल्याकडे पाडेली (नारळ पाडणारा) मिळत नाही आणि माकडं कोवळी फळं पाडतात, हे नारळाचे जास्त मोठे प्रश्न आहेत.

भात, भाजी, ऊस?

सरद-वायंगणाच्या (पावसाळी-उन्हाळी) भाताला या करारांचा स्पर्श जवळजवळ नाही. भाजी बेळगावहून येते, व्हिएतनामहून नाही. संजीवनी साखर कारखान्याचं गाळप २०१९-२० च्या सुमारास थांबलं आणि ऊस उत्पादक उघड्यावर पडले, त्यालाही कुठलाच करार कारण नाही. गव्यांचा आणि रानडुकरांचा उपद्रव, मजुरांची टंचाई, खाजनांचे (खाडीकाठच्या शेतांचे) फुटलेले बांध, जमिनीचे रखडलेले दावे ही दुखणी आपली घरची आहेत. ती करारांच्या खात्यावर टाकली तर दोन्ही लढाया हरू.

दूध उत्पादकांनी घाबरायचं का?

आजवर तरी दूध बाहेर राखलं गेलं आहे. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारत आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या मोठ्या कराराच्या बोलण्यांतून बाहेर पडला, त्यामागे न्यूझीलंडच्या दूध भुकटीची भीती हे एक प्रमुख कारण होतं. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनशी झालेल्या करारांतही दुग्धजन्य पदार्थ वगळले आहेत. दोन-चार गायी-म्हशींवर चालणारी देशभरातली कोट्यवधी घरं एकजुटीने बोलली म्हणून हे झालं. मिरी-सुपारीच्या मागे एवढी घरं नाहीत, आणि फरक पडतो तो इथेच.

मग या करारांतून आम्हाला फायदा काहीच नाही?

आहे, पण तो आपोआप चालत दारात येत नाही.

फेणीचं उदाहरण घ्या. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. ब्रिटनशी झालेल्या कराराच्या वेळी केंद्र सरकारने नाशिकची वाइन आणि केरळची ताडी यांच्याबरोबर गोव्याच्या फेणीचं नाव घेतलं, की या पेयांना ब्रिटनच्या बाजारात वाट मिळेल. आनंदाची गोष्ट आहे. पण भाटीवर, म्हणजे फेणी गाळण्याच्या जागी, बोंडू मळून, मडक्यात रस आंबवून फेणी काढणारं कुटुंब लंडनला बाटली पाठवणार नाही. पाठवेल ती बाटलीबंद करणारी कंपनी. फायदा भाटीपर्यंत यायचा असेल, तर कंपनी भाटीवाल्याला लिटरमागे किती देते आणि भाटीवाला बोंडूच्या डब्याला किती देतो, हे विचारलं पाहिजे. आजही कित्येक बागांत बोंडू झाडाखाली कुजतो, फक्त बी उचलली जाते.

आंब्याची गोष्ट शिकण्यासारखी आहे. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने फळमाशी सापडल्यामुळे भारतीय आंब्यावर बंदी घातली आणि ती २०१५ च्या सुरुवातीला उठली. शुल्काचा त्यात काही संबंध नव्हता. शुल्क शून्य असलं तरी कीड, औषधांचा अंश, आंब्यावरची गरम पाण्याची प्रक्रिया, मान्यताप्राप्त पॅकिंग केंद्र या अटी पार केल्याशिवाय फळ विमानात चढत नाही. एका कुटुंबाच्या दहा मानकुराद कलमांना हे झेपणारं नाही. तालुक्यात सामायिक केंद्र असेल तर झेपेल. तसं ते उभारणं हे सरकारचं आणि सहकारी संस्थांचं काम.

या करारांमुळे गोवा सरकारची आधारभूत किंमत बंद पडेल का?

नाही. मुक्त व्यापार करार हे आयात शुल्काबद्दल असतात, देशातल्या मदतीवर ते सहसा हात घालत नाहीत. तो विषय जागतिक व्यापार संघटनेचा. तिथे विकसनशील देशांना एखाद्या पिकाच्या एकूण उत्पादन मूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत अशी मदत देता येते आणि ती देशभराची मिळून मोजतात. गोव्याची रक्कम त्यात अगदी किरकोळ.

२०२३-२४ च्या अर्थसंकल्पात गोव्याने काजू बियेची आधारभूत किंमत १२५ वरून १५० रुपये, नारळाची १२ वरून १५ आणि भाताची २० वरून २२ रुपये केली. बाजारभाव त्याखाली गेला तर फरक सरकार देतं. वर काजूगराचा जो हिशेब मांडला, त्यात १११ आणि १५० यांच्यामधली जी दरी आहे, ती ही योजना भरून काढते. आयातीमुळे पडलेल्या भावाचं ओझं अशा प्रकारे राज्याच्या तिजोरीवर येतं, तर आयातीचं शुल्क ठरवतं केंद्र. गोव्याने केंद्राकडे या खर्चाचा वाटा मागावा, ही मागणी रास्त आहे.

ही किंमत सगळ्यांना मिळते का?

मिळत नाही, आणि या पानावरचं आम्हाला सर्वांत जास्त टोचणारं उत्तर हेच आहे. योजनेसाठी कृषी कार्ड लागतं, कार्डासाठी जमिनीचा कागद लागतो, आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या नोंदीवर) नाव असतं भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, नाहीतर कधीच वारलेल्या आजोबांचं. प्रत्यक्ष बाग राखतो तो कूळ, मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर असलेला), कोमुनिदादीच्या (गावसंस्थेच्या) जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या काजू धरलेला माणूस, किंवा ज्याच्या वाटण्या कोर्टात अडकल्या आहेत तो धाकटा भाऊ. असा माणूस बी गावातल्या दुकानदाराला रोखीने विकतो आणि फरकाची रक्कम त्याला कधीच दिसत नाही. बाहेरच्या मालाने भाव पडला की पहिला मार त्याला बसतो, भरपाई मात्र दुसऱ्याच्या नावावर जाते.

बायकांचंही तसंच. एप्रिलच्या उन्हात डोंगरावर बी वेचणं, बोंडापासून पिळून वेगळी करणं, सुकवणं, मिरी निवडणं ही कामं बहुतेक त्याच करतात. गोव्याच्या नागरी कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक असते, तरी कार्डावर आणि पावतीवर नाव बहुधा पुरुषाचंच. दोघांचीही नावं लावून घ्या.

राज्य सरकार एखादा करार अडवू शकतं का?

कायद्याने नाही. राज्यघटनेत शेती हा राज्याचा विषय आहे, पण परदेशी व्यापार आणि परदेशांशी करार हे केंद्राचे. कलम २५३ नुसार करार अमलात आणायला संसद राज्यांच्या विषयांवरही कायदा करू शकते. करारावर सही करण्यापूर्वी संसदेची मंजुरी घेण्याची सक्तीही आपल्याकडे नाही.

राजकीय दबाव मात्र आणता येतो. २ ऑक्टोबर २००९ ला केरळमध्ये आसियान कराराविरोधात कासरगोडपासून तिरुवनंतपुरमपर्यंत मानवी साखळी उभी राहिली. करार थांबला नाही, पण मिरी-नारळाचं नाव निघालं की दिल्लीला केरळ आठवतो. गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक खासदार. तिघांनी मिळून वाणिज्य मंत्रालयाच्या संसदीय स्थायी समितीकडे काजू-मिरी-सुपारीबद्दल लेखी निवेदन दिलं तर ते नोंदलं जातं. विधानसभेत ठराव करता येतो. विभागीय कृषी कार्यालयात आपण निवेदन दिलं, तर त्याची पोच मागून घ्या.

खोट्या कागदांवर माल आला, किंवा आयात अचानक वाढली, तर तक्रार कुठे?

पहिल्या प्रकारासाठी सीमाशुल्क खातं. २१ सप्टेंबर २०२० पासून मूळ देशाच्या पडताळणीचे नवे नियम लागू आहेत. सवलतीच्या शुल्काने माल आणणाऱ्याने तो त्याच देशात पिकला याची माहिती स्वतः बाळगायची आणि मागितली तर द्यायची. निव्वळ प्रमाणपत्र पुरेसं नाही. हा नियम बागायतदाराच्या फार उपयोगाचा आहे.

दुसऱ्या प्रकारासाठी वाणिज्य मंत्रालयाचं व्यापार उपाय महासंचालनालय. आयात वाढून देशातल्या उत्पादकांचं गंभीर नुकसान झालं, असं सिद्ध केलं तर तात्पुरतं संरक्षक शुल्क लागू शकतं. अडचण अशी, की पुरावे द्यायचे उत्पादकांनी: किती पिकलं, कितीला विकलं, किती तोटा झाला, काही वर्षांचं. पोलाद कंपनीकडे हे आकडे संगणकात असतात. आपल्याकडे डायरीत, नाहीतर डोक्यात. म्हणून सहकारी संस्थेत माल घाला, वजनाची पावती जपा, ओलाव्याची कपात किती केली ते तिच्यावर लिहून घ्या. शंभर घरांच्या पाच वर्षांच्या पावत्या एकत्र आल्या, की तो पुरावा होतो.

आमच्या बियाण्यावर गदा येईल का?

युरोपातले देश करारांत बियाण्यांच्या मालकीहक्काचे कडक नियम मागत आले आहेत. आपला २००१ चा पीक-वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला बी राखून ठेवायला, पेरायला, एकमेकांना द्यायला आणि विकायलाही परवानगी देतो. फक्त कंपनीच्या संरक्षित वाणाचं बी तिच्या नावाच्या वेष्टनात विकता येत नाही. काणकोणच्या खोला मिरचीचं, खाजनातल्या कोरगुट भाताचं बी घराघरांत राखलं गेलं ते याच रीतीने. कुठल्याही करारासाठी हा कायदा बदलायचा प्रस्ताव आला तर त्याला ठाम विरोध करायचा, यात दुमत नसावं.

कराराचा मजकूर कुठे वाचायला मिळेल, आणि त्यात काय शोधायचं?

वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सह्या झालेले करार असतात. मुख्य मजकूर वाचण्यात वेळ घालवू नका. शेवटी जोडलेली शुल्काची यादी उघडा आणि आपल्या पिकाचा क्रमांक शोधा. कवचासकट काजू ०८०१३१, काजूगर ०८०१३२, नारळ ०८०१ मध्येच, सुपारी ०८०२८०, मिरी ०९०४११, खोबरं १२०३, पाम तेल १५११, खोबरेल १५१३. प्रत्येकासमोर आजचं शुल्क, ते कोणत्या वर्षापर्यंत कितीवर येणार, की तो माल वगळला आहे, हे लिहिलेलं असतं. त्यानंतर मूळ देशाच्या नियमांच्या प्रकरणात तोच क्रमांक पाहा. भाजलेला, खारवलेला, प्रक्रिया केलेला काजू आणि सुपारी २००८ या क्रमांकाखाली जातात, तेव्हा तीही ओळ तपासा. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना हे काम अर्ध्या तासात जमतं.